पिसाचा कलता मनोरा



काही इमारती त्यांच्या भव्यतेमुळे नावारूपास येतात, काही त्यांच्यावरील कोरीव कामामुळे, तर काही त्यांच्याशी संबंध आलेल्या थोर पुरुषांमुळे. इटली देशातील पिसा येथील घंटेचा मनोरा मात्र जगभर गाजला तो त्याच्या दोषामुळे. या मनोऱ्याचे चित्र मुलांच्या पाहण्यात येते आणि कोणीतरी चौकस मुलगा विचारतो, ‘गुरुजी, हा पडत कसा नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते. गुरुत्वमध्यातून काढलेली लंबरेषा पायाच्या आत पडते, म्हणून मनोरा पडत नाही. हे उत्तर चुकीचे नव्हे. पण ते अपुरे आहे. मनोरा आठशे वर्षे कसा टिकला, तो पडण्याच्या बेतात केव्हा केव्हा आला आणि अखेर त्याला कोणत्या उपायाने सावरले, हा वृत्तान्त त्या एका वाक्यात मावत नाही. हा वृत्तान्त शिक्षकाला ठाऊक असणे इष्ट आहे. त्यात इतिहास आहे, विज्ञान आहे आणि पाया कच्चा राहिला असता तो सुधारावा कसा, याचे शिक्षणही आहे.

पिसा हे तस्कनी प्रांतातील, आर्नो नदीच्या काठी वसलेले गाव होय. आज समुद्र तेथून काही कोस दूर आहे. मध्ययुगात तो बराच जवळ होता आणि पिसा हे एक बलाढ्य बंदर होते. व्हेनिस, जिनोआ, अमाल्फी या नगरांप्रमाणेच पिसाही स्वतंत्र प्रजासत्ताक होते. त्याची गलबते भूमध्य समुद्रात दूरवर व्यापार करीत, आणि प्रसंगी लढायाही करीत. १०६३ साली पिसाच्या आरमाराने सिसिली बेटावरील पालेर्मो बंदरावर स्वारी केली. त्या स्वारीत मिळालेल्या संपत्तीतून नगराच्या वायव्य कोपऱ्यात एक मोठे प्रार्थनामंदिर उभारण्यास आरंभ झाला. बुस्केतो हा त्याचा शिल्पकार. पुढे ११५२ साली त्याच पटांगणात दिओतिसाल्वी याने गोल आकाराच्या दीक्षामंदिराचे काम सुरू केले. यानंतर मंदिराला घंटांसाठी मनोरा हवा, असे ठरले. इटलीत घंटेचा मनोरा पुष्कळदा मंदिरापासून अलग, स्वतंत्र उभारण्याची रीत होती. तद्नुसार ही तिसरी वास्तू मंदिराच्या पूर्वेकडील मोकळ्या जागी उभी राहिली.

या कामाला मोठ्या लोकांचा पैसा लागला तसा साध्या माणसांचाही लागला. बेर्ता नावाच्या एका विधवेने ११७२ च्या जानेवारीत केलेल्या मृत्युपत्रात मनोऱ्याचे दगड विकत घेण्यासाठी साठ सोल्दी, म्हणजे त्या काळची साठ नाणी, ठेवली होती. मनोऱ्याच्या आरंभाचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा होय.

९ ऑगस्ट ११७३ रोजी पायाभरणी झाली. मनोऱ्यावरील शिलालेखात मात्र साल ११७४ असे कोरलेले आहे. ही चूक नव्हे. पिसाचे वर्ष २५ मार्चला, तेही इतरांच्या नऊ महिने आधी सुरू होत असे, त्यामुळे तेथील सालाचा आकडा वर्षाच्या बऱ्याच भागात एकाने पुढे असे. शके आणि संवत यांचे आकडे जुळविण्याची सवय असलेल्या मराठी शिक्षकाला यात नवल वाटणार नाही. मूळ शिल्पकार कोण, याविषयी विद्वानांत एकमत नाही. सोळाव्या शतकातील चरित्रकार वासारी याने बोनान्नो या पिसाच्या शिल्पकाराचे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले. काही अभ्यासक दिओतिसाल्वीकडे बोट दाखवितात.

मनोऱ्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. तो गोल, आतून पोकळ आणि आठ मजल्यांचा आहे. तळमजल्याच्या बाहेरच्या अंगाला भिंतीत बसविलेले पंधरा अर्धस्तंभ आहेत. त्यावरच्या सहा मजल्यांना प्रत्येकी तीस स्तंभांच्या कमानदार सज्जांनी वेढलेले आहे. सर्वांत वर, आठव्या मजल्यावर, घंटाघर असून त्यात सात घंटा आहेत. उंची सुमारे ५६ मीटर, म्हणजे जवळजवळ १८४ फूट भरते. तळाशी बाहेरचा व्यास साडेपंधरा मीटर असून भिंतीची जाडी सुमारे चार मीटर आहे. ही भिंत सबंध दगडाची मात्र नाही. आत व बाहेर घडीव संगमरवराचे पातळ थर आहेत आणि त्यांच्यामध्ये गोटे व चुन्याचा भराव आहे. शिवाय वर जाण्याचा गोल जिना याच जाडीतून काढलेला असून त्याला जवळजवळ तीनशे पायऱ्या आहेत. एकंदर वजन सुमारे १४,५०० टन होते.

एवढ्या वजनाच्या मनोऱ्याचा पाया किती खोल असावा? तो आहे अवघा तीन मीटर, आणि त्याखालची जमीन अशी की तिच्यावर साधे घर बांधतानाही गवंडी दोनदा विचार करील. आर्नो नदीने व समुद्राने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाची ही भूमी आहे. वरचे सुमारे दहा मीटर पोयटा, रेती आणि चिकणमाती यांचे मिश्रण आहे. त्याच्या खाली सुमारे तीस मीटर जाडीचा मुख्यतः समुद्री चिकणमातीचा थर आहे. त्याच्याही खाली घट्ट रेती लागते. पाणी एकदोन मीटरवरच आहे. शिवाय वरचा थर सर्वत्र सारखा नाही. दक्षिणेकडे तो उत्तरेपेक्षा अधिक मऊ आहे. महाराष्ट्रात काळ्या जमिनीत घर बांधणारा शेतकरी मुरूम लागेपर्यंत पाया खणतो. पिसाच्या गवंड्यांना तीन मीटरवर मुरूमही लागला नाही आणि कातळही लागला नाही. याच गावातील आणखी दोन मंदिरांचे मनोरे कललेले आहेत. तात्पर्य, दोष एका शिल्पकाराच्या हातचा नसून त्या भूमीचा आहे.

बांधकाम झपाट्याने चालले. ११७८ च्या सुमारास चौथ्या मजल्याचे काम चालू असताना ते थांबले. पिसाच्या शेजारी राज्यांशी लढाया चालू होत्या आणि सुमारे शंभर वर्षे मनोरा अपुराच उभा राहिला. नगरवासीयांना ही मोठी नामुष्की वाटली असेल. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस भूस्थापत्यशास्त्रज्ञांनी गणित मांडले तेव्हा असे दिसून आले की, त्या वेळी काम थांबले नसते तर मनोरा तेव्हाच कोसळला असता.

याचे कारण स्वयंपाकघरातील एका उदाहरणाने मुलांना सहज समजेल. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून वर बेताचे वजन ठेवले म्हणजे पाणी सावकाश निथळते आणि चक्का घट्ट होतो. तेच दही घाईने, एकदम जोर लावून दाबले, तर ते फडक्यातून बाहेर येते. चिकणमातीचेही असेच आहे. तिच्या कणांमध्ये पाणी साठलेले असते. वर वजन आले की ते पाणी बाहेर पडू पाहते, पण चिकणमातीतून पाणी अतिशय हळू वाट काढते. त्याला वर्षे लागतात. पाणी निघून गेले म्हणजे माती दबते आणि पहिल्यापेक्षा बळकट होते. साडेतीन-चार मजल्यांच्या भाराखाली ती शंभर वर्षे दबत राहिली, आणि म्हणूनच पुढचा भार पेलण्याजोगी झाली. मनोऱ्याला ज्या खंडामुळे कमीपणा आला, त्याच खंडाने त्याचे प्राण वाचविले.

१२७२ साली जिओवान्नी दी सिमोने या शिल्पकाराच्या देखरेखीखाली काम पुन्हा सुरू झाले. तोपर्यंत मनोरा किंचित उत्तरेकडे झुकलेला होता. नवे मजले चढू लागले तसा तो हळूहळू दक्षिणेकडे वळला. गवंड्यांच्या हे ध्यानात आले होते, याचा पुरावा दगडांतच आहे. प्रत्येक थर ओळंब्यात आणण्यासाठी त्यांनी एका बाजूचे चिरे जाड व दुसऱ्या बाजूचे पातळ घडविले. अर्थात खालचा भाग कलला तो कललाच. वरचा तेवढा सरळ करण्याचा प्रयत्न झाला. यामुळे मनोरा केवळ कललेला राहिला नाही, तर केळ्यासारखा किंचित वाकडाही झाला. शिवाय वर चढलेल्या प्रत्येक चिऱ्याने मुळातल्या कच्च्या जमिनीवरचा भार वाढविला तो वाढविलाच.

१२७८ च्या सुमारास सातवा मजला पुरा झाला आणि काम दुसऱ्यांदा थांबले. पुढे १२८४ साली मेलोरियाच्या आरमारी लढाईत जिनोआने पिसाचा दारुण पराभव केला. त्या नगराचे वैभव तेथून ओसरू लागले. हा दुसरा खंड सुमारे ऐंशी वर्षांचा. गणिताने असे दिसते की, या वेळीही लगेच पुढे गेले असते तर मनोरा उरला नसता. अखेर १३६० नंतर तोमासो पिसानो याने घंटाघराचे काम हाती घेतले व ते १३७० च्या सुमारास पूर्ण झाले. तेव्हा कल डोळ्यांना स्पष्ट दिसत होता. सातव्या मजल्यावरून घंटाघरात चढण्यास उत्तरेकडे चार पायऱ्या आहेत आणि दक्षिणेकडे सहा, यावरून त्या शिल्पकाराने किती कल गृहीत धरला होता ते आजही समजते. पायाभरणीपासून कळसापर्यंत जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

घंटाघराच्या भाराने कल आणखी वाढला आणि तो पुढील सहा शतके वाढतच राहिला. दक्षिणेकडची माती खचत होती, आणि बुंधा तर सबंधच खाली बसला होता. मनोरा एकूण सुमारे तीन मीटर जमिनीत गेला आहे. त्यामुळे तळाच्या स्तंभांच्या बैठका मातीआड झाल्या. त्या लोकांना दिसाव्यात म्हणून १८३८ साली गेरार्देस्का या वास्तुतज्ज्ञाने बुंध्याभोवती खोलगट फिरती वाट खणविली. हेतू चांगला होता. पण खणताना भूजल उसळून आत आले, दक्षिणेकडचा आधार सुटला आणि मनोरा एकाएकी आणखी झुकला.

१९३४ साली मुसोलिनीच्या राजवटीत दुसरा प्रयत्न झाला. राष्ट्राच्या कीर्तीला असा वाकडा मनोरा शोभत नाही, या भावनेने तो सरळ करण्याचा हुकूम सुटला. पायाच्या दगडी कड्यात साडेतीनशेहून अधिक भोके पाडून त्यांतून सुमारे नव्वद टन सिमेंटचा पातळ राडा दाबाने भरण्यात आला. पाया बळकट होईल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच, मनोरा दक्षिणेकडे आणखी सरकला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या भागात जमिनीतील पाणी पंपांनी भरमसाट उपसले जाऊ लागले, तेव्हाही कल वाढल्याचे मोजणीत आढळले. तीन निरनिराळ्या काळांत तीन निरनिराळी कामे झाली. पण जमिनीचा स्वभाव जाणून न घेता केलेली प्रत्येक कृती मनोऱ्याला बाधली.

येथे सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. लंबरेषा पायाच्या आत पडत असली म्हणजे वस्तू पडत नाही, हा नियम वस्तू घट्ट जमिनीवर उभी असली तर खरा. जमीन मऊ असली तर गोष्ट निराळी. खाटेवर जाड गादी अंथरून तीवर विटा रचाव्यात. दोन-चार विटा नीट बसतात. पुढे पुढे, कितीही सावधपणे रचल्या तरी, एका उंचीनंतर थोडासा कल येतो. कल आला की भार त्या बाजूस अधिक पडतो, गादी तेथे अधिक दबते, त्यामुळे कल वाढतो, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच रास कोसळते. लंबरेषा बैठकीबाहेर जाण्याची वाटही पाहावी लागत नाही. पिसाचा मनोरा नेमक्या या अवस्थेच्या काठावर उभा होता.

दुसरे संकट भिंतीचे होते. दक्षिणेकडे कलल्यामुळे त्या अंगाच्या दगडांवर दाब फार वाढला होता. तळमजल्याच्या वर, जेथे भिंतीची जाडी एकदम कमी होते आणि जिन्याची पोकळीही येते, तेथे बाहेरचा पातळ संगमरवर फुटून भिंत एका क्षणात ढासळण्याची भीती होती. ही भीती पोकळ नव्हती. १७ मार्च १९८९ रोजी उत्तर इटलीतील पाव्हिया येथील जुना नगरमनोरा कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला आणि चार माणसे प्राणास मुकली. तो मनोरा कललेलाही नव्हता. या दुर्घटनेने सरकार हादरले. ७ जानेवारी १९९० रोजी पिसाचा मनोरा लोकांसाठी बंद करण्यात आला. त्या वेळी त्याचा कल सुमारे साडेपाच अंशांचा होता. वरची दक्षिण कड पायाच्या कडेपासून सुमारे साडेचार मीटर पुढे आली होती आणि दर वर्षी मिलिमीटरभराहून अधिक पुढे जात होती.

मिकेले याम्योल्कोव्स्की या भूस्थापत्यशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तीत इंग्लंडचे जॉन बरलँड यांच्यासारखे मृदातज्ज्ञ होते, तसेच वास्तुतज्ज्ञ आणि कलेतिहासाचे जाणकारही होते. कारण काम केवळ मनोरा उभा ठेवण्याचे नव्हते. त्याचे मूळ रूपही बिघडू द्यायचे नव्हते. समितीने प्रथम मोजणीच्या नोंदी अभ्यासल्या. १९११ पासून कलाची नियमित मोजणी होत आली होती. त्या नोंदींतून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. अलीकडच्या काळात दक्षिण कड खचत होती त्यापेक्षा उत्तर कड वर उचलली जात होती. पावसाळी महिन्यांत भूजल वर आले की मनोरा थोडा दक्षिणेस सरके आणि पुढे पूर्ववत होत नसे.

रोगाचे निदान झाल्यावर उपाय सुरू झाला. १९९२ साली भिंतीच्या नाजूक भागाभोवती पोलादी तारांचे कडे घट्ट बसविण्यात आले. १९९३ साली बुंध्याच्या उत्तर बाजूस काँक्रीटचे कडे करून त्यावर शिशाच्या लाद्या रचल्या गेल्या. एकूण भार ६०० टन होता. वर येणारी कड खाली दाबावी हा त्यातला साधा विचार. तो यशस्वी झाला. शतकानुशतके दक्षिणेकडे जाणारा मनोरा अगदी थोडा का होईना, उत्तरेकडे वळला.

पण शिशाचा तो ढीग दिसावयास ओंगळ होता. तो काढून टाकता यावा म्हणून जमिनीत खोलवर तारा रोवून त्यांनी मनोरा ओढून धरावा, असे ठरले. त्यासाठी खणताना पाणी आत येऊ नये म्हणून द्रवरूप नत्रवायूने जमीन गोठविण्यात आली. सप्टेंबर १९९५ मध्ये हे काम चालू असता मनोरा एकाएकी वेगाने दक्षिणेकडे सरकू लागला. जे अंतर तो एरव्ही महिनोन् महिने घेत कापी, ते दिवसांत कापले गेले. काम तात्काळ थांबविण्यात आले, आणखी सुमारे ३०० टन शिसे उत्तरेस चढविले गेले, तेव्हा कोठे तो स्थिर झाला. जगातील निष्णात तज्ज्ञ एकत्र बसले असतानाही घाईची एक चाल मनोऱ्याचा घास घेण्यास पुरेशी होती.

यानंतर समितीने जो मार्ग धरला तो १९६२ सालीच फेर्नान्दो तेर्राचिना या इटालियन अभियंत्याने सुचविला होता. त्याची कल्पना अगदी सोपी होती. खचलेली बाजू वर उचलू नका. न खचलेल्या बाजूखालची थोडी माती काढून घ्या, म्हणजे मनोरा आपल्याच भाराने मागे येईल. मेक्सिको नगरातील जुन्या महामंदिरावर या रीतीचा वापर यशस्वी झाला होता. तरी पिसा येथे एकदम हात घातला गेला नाही. आधी प्रतिकृतींवर व मोकळ्या जमिनीवर प्रयोग झाले. मनोऱ्याला दूरवरून पोलादी दोर बांधून ठेवले गेले, म्हणजे अचानक काही झाले तर धरून ठेवता येईल. मग फेब्रुवारी १९९९ मध्ये उत्तरेकडून बारा तिरक्या नळ्या जमिनीत घालून माती काढण्यास आरंभ झाला.

एका वेळी जेमतेम घमेलेभर माती काढायची. राहिलेली पोकळी वरच्या भाराने हळूहळू बुजू द्यायची. मनोऱ्याने काय केले ते मोजायचे, आणि त्या मोजणीवरून पुढची माती कोठून व किती काढायची ते ठरवायचे. असा क्रम रोज चालला. अनुभव चांगला आल्यावर २००० साली नळ्यांची संख्या एकेचाळीस करण्यात आली. २००१ च्या मध्यापर्यंत काढलेली एकूण माती सुमारे ३८ घनमीटर भरली, म्हणजे शाळेच्या एका लहान खोलीत मावेल एवढीच. तेवढ्याने मनोरा सुमारे अर्ध्या अंशाने मागे आला आणि त्याचा माथा उत्तरेकडे अर्ध्या मीटरपेक्षा थोडा कमी सरकला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी जेवढा कल होता तेवढ्यावर तो परतला. शिसे उतरविण्यात आले, दोर सोडण्यात आले आणि १५ डिसेंबर २००१ पासून लोक पुन्हा वर जाऊ लागले. उत्तरेकडील भूजल एका पातळीवर राहावे अशीही व्यवस्था पुढे करण्यात आली. २००८ साली तज्ज्ञांनी मोजणीवरून सांगितले की, मनोऱ्याची हालचाल थांबली आहे आणि निदान दोनशे वर्षे त्याला धोका नाही.

मनोरा पूर्ण सरळ का केला नाही, असेही मुले विचारतील. सरळ केला असता तर तो पिसाचा कलता मनोरा राहिला नसता, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. जुन्या वास्तूला वाचविण्यासाठी जेवढे आवश्यक तेवढेच करावे, अधिक करू नये, हे समितीचे धोरण होते. अर्धा अंश पुरेसा होता, आणि तो नुसत्या डोळ्यांना जाणवतही नाही.

या कथेला एक पुस्ती जोडली पाहिजे. पिसा ज्या प्रदेशात आहे तेथे भूकंप होतात. १२८० पासून निदान चार मोठे भूकंप या मनोऱ्याने सोसले आहेत. एवढा उंच, कललेला मनोरा त्यांत पडावयास हवा होता. २०१८ साली अभ्यासकांनी याचा उलगडा केला. उंच, ताठ मनोरा आणि मऊ जमीन यांच्या जोडीमुळे मनोऱ्याच्या आंदोलनाची गती भूकंपाच्या हादऱ्यांशी जुळत नाही, म्हणून हादरा त्याला फारसा लागत नाही. ज्या मातीने त्याला कलविले, त्याच मातीने त्याला भूकंपापासून राखले.

गॅलिलिओची गोष्ट सांगतानाही शिक्षकांनी सावध असावे. गॅलिलिओ १५६४ साली पिसा येथेच जन्मला आणि १५८९ ते १५९२ या काळात तेथील विद्यापीठात तो गणित शिकवीत होता, हे खरे आहे. त्याने मनोऱ्यावरून निरनिराळ्या वजनांच्या वस्तू सोडून त्या एकदमच खाली पडतात हे सर्वांसमक्ष दाखविले, ही कथा मात्र त्याचा शिष्य व्हिविआनी याने अनेक वर्षांनंतर लिहिलेल्या चरित्रातून आली आहे. त्या काळच्या दुसऱ्या कोणी ती नोंदविलेली आढळत नाही, म्हणून पुष्कळ इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. गोष्ट जरूर सांगावी. पण ती ‘असे सांगतात’ म्हणून सांगावी. कथा आणि पुरावा यांतील फरक मुलांना लहानपणीच कळला, तर त्याचा पुढे फार उपयोग होतो.

हा पाठ चौथीच्या वर्गात खर्चावाचून दाखविता येतो. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करावा आणि शाळेची भिंत, दाराची चौकट व अंगणातील खांब मुलांकडून तपासून घ्यावेत. एका परातीत अर्ध्या भागात घट्ट थोपटलेली ओली माती व अर्ध्यात सैल चिखल भरून, दोहोंच्या सीमेवर खोक्यांची उतरंड रचण्यास सांगावे. ती सैल बाजूला कलू लागली म्हणजे मुले आपोआप वरची खोकी सरळ करू पाहतील, जसे पिसाच्या गवंड्यांनी केले. त्याने कल जात नाही हे त्यांना दिसू द्यावे. मग घट्ट बाजूखालची चिमूटभर माती काडीने हळूच काढावी. उतरंड मागे येते, असे पाहिले की मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तोच या पाठाचा खरा परिणाम होय.

आणि हा पाठ मुलांइतकाच शिक्षकांसाठीही आहे. पहिली-दुसरीत अक्षरओळख किंवा बेरीज-वजाबाकी कच्ची राहिलेले मूल चौथीत येते. तेथे त्याच्यावर मोठी वाक्ये आणि भागाकार रचले जातात. त्याचे उत्तर चुकते, तेव्हा वरच्या मजल्याचा चिरा जाड-पातळ करून ते ओळंब्यात आणण्याची खटपट होते. उत्तर पाठ करून घेतले जाते, वही नीट दिसते, आणि खालचा कल तसाच राहतो. अशा मुलावर अधिक भार टाकून किंवा रागावून उपयोग होत नाही. तसे केले तर १९३४ च्या सिमेंटासारखे ते अधिकच झुकते. त्याच्यासाठी खाली जावे लागते. नेमके कोठे कच्चे आहे ते मोजावे लागते. रोज थोडे करावे, मुलाने काय केले ते पाहावे, आणि त्यावरून उद्याचे ठरवावे. वेळ लागतो म्हणून खेद करण्याचे कारण नाही. पिसाच्या मनोऱ्याला दोनदा वेळ मिळाला म्हणून तो उभा राहिला, आणि तिसऱ्यांदा माणसांनी त्याला धीराने वेळ दिला म्हणून तो वाचला.